मार्सेलिनाचे नऊ शुक्रवार

मरोळच्या गावठाणात बर्नार्ड मिस्किटाला कोणी नावानं हाक मारत नसे. तो सगळ्यांचा सुतारबाबा. पन्नास वर्षं त्यानं बैलगाड्यांची चाकं केली. पवईपासून अंधेरी स्टेशनापर्यंतच्या रस्त्यावर जी गाडी कुरकुर न करता जाईल ती सुतारबाबाच्या हातची, असं लोक म्हणत. हे थोडं फुगवलेलं होतं, आणि फुगवण्यात स्वतः बर्नार्डचा हात होताच. चाकाला फूटपट्टी लावणाऱ्याला तो सुतार मानायचाच नाही. चाक गुडघ्यांत धरायचं, डोळे मिटायचे आणि कडेवरून अंगठा फिरवायचा. तांदळाच्या कणीएवढा उंचवटा असला तरी त्या अंगठ्याला कळायचा.

एकोणीसशे बावन्न साली तो अडुसष्ट वर्षांचा होता. रस्त्यावर गाड्यांपेक्षा ट्रक जास्त झाले होते आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकला की काढू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आंबा हाय काय पिकायला?" असं तो गावभर विचारत फिरला, पण डोळे काही त्याच्या विनोदानं पिकले नाहीत. माणसं त्याला दिसायची, तोंडं दिसायची नाहीत. चालीवरून आणि आवाजावरून तो ओळखायचा आणि चुकला की समोरच्यालाच दटवायचा.

चाकं सुटली तरी त्याला एक काम उरलं होतं, आणि ते चाकांपेक्षा बारीक होतं. बायकोला, मार्सेलिनाला, जिवंत ठेवायचं.

त्याची सुरुवात आदल्या वर्षी मुंग्यांपासून झाली. परसातल्या मोरीत ओळीनं मुंग्या लागायला लागल्या तेव्हा शेजारच्या बर्थाबायनं नाक मुरडून विचारलं, "मोरीत गूळ धुता काय तुमी?" मार्सेलिना त्या दिवसांत माठ रिकामा करायची आणि तरी घसा सुकतो म्हणायची. मग खाचरात लावणी करताना पायाला काटा लागला. ती जखम पावसाळा सरला तरी भरेना. तेव्हा कुठं बर्नार्ड तिला अंधेरीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी लघवीत निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी कौलासारखं लाल.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "मुरलेला आहे. आता रोज सकाळी सुई, आणि खाणं या कागदावर लिहिलंय तसंच."

कागदावर काय लिहिलं होतं ते बर्थाबायनं वाचून दाखवलं, कारण ह्या घरात एकाला दिसत नव्हतं आणि दुसरीला वाचता येत नव्हतं. साखर नाही, गूळ नाही. आंबा, केळं, रताळं नाही. भात दुपारी एक लहान वाटी. सकाळी नाचणीची भाकर, उकडलेलं अंडं आणि आरेच्या केंद्रावरचं दूध कपभर, बिनसाखरेचं. दोडका, दुधी, पालेभाजी हवी तेवढी. मासे खुशाल खा, पण नारळाचं वाटण हात आखडून. सणाला घरोघरी तळायचे ते मैद्याचे गोडसर फुगे तर बर्थाबायनं नुसते वाचले आणि मार्सेलिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचं खरं कारण तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मरणाला मी भीत नाय," ती म्हणाली, "पन नाताळला लोकांच्या फुग्याकडं बगत बसायचं म्हंजे काय?"

बर्नार्डनं मग फणसाच्या लाकडाची एक वाटी कोरली. डॉक्टरांच्या मापाची, नेमकी. तिला घरात डॉक्टरची वाटी म्हणत. मार्सेलिना ती शिगोशीग भरायची आणि बर्नार्ड वरून अंगठा फिरवून भात सपाट करायचा. जो भात पडायचा त्यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं, आणि तो पडलेला भात शेवटी कोंबडी खायची. रोज संध्याकाळी तो ओट्यावर बसून तिचे पाय मांडीवर घ्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या पायाला लागलेलं हिला कळणार नाही, तुम्ही रोज बघा. बघणं त्याच्याच्यानं होत नव्हतं. म्हणून तो तळव्यावरून, बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवायचा, डोळे मिटून, चाकावरून फिरवायचा तसा. रस्त्यानं जाणारे हसायचे. मार्सेलिना पदर तोंडाला लावायची, पण पाय काढून घ्यायची नाही.

मूल एकच, क्लारा, आणि ती लग्न होऊन वसईला गेलेली. म्हणजे घरात ही दोघंच.

सुई द्यायला कंपाउंडर तुळशीदास यायचा. पहाटे पावणेसहाला अंधेरीहून सायकलवर. चुलीवर सिरिंज उकळायचा, माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवलेली बाटली काढायचा, वीस खुणा औषध ओढायचा आणि मार्सेलिनाच्या दंडात सुई देऊन पुढं जायचा. वाटेत आणखी चार रोगी, आणि सात वाजता दवाखाना उघडायचा. जाताना न चुकता बजावायचा, "अर्ध्या तासात खायला घाला हां बाबा. सुई पोटात अन्न मागते. अन्न नाय मिळालं तर मानसाला खाते." पहिल्याच आठवड्यात त्यानं खुणाही सांगून ठेवल्या होत्या. घाम फुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलायला लागलं की विचार करत बसायचं नाही, तोंडात साखर घालायची. एरवी जी साखर हिचं विष, तीच त्या घटकेला हिचं औषध, हे बर्नार्डला बरेच दिवस पटलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं माणसाच्या हातातलं होतं. पुढचं नव्हतं.

मार्सेलिनाला एक भाऊ होता, अँथनी. तिच्या लग्नाआधीच गेला. उन्हाळ्यात विहीर उपसायला खाली उतरला आणि आतल्या वाफेनं गुदमरून वर आलाच नाही. पाद्री धावत आला, पण तो काठावर आणि अँथनी तळाशी. मरताना पाद्रीकडून मिळायची ती पापांची कबुली नाही, कपाळाला तेल नाही, प्रसाद नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की माझा अँथनी कुठं गेला ते मला कळलं नाही. हे ऐकत मार्सेलिना मोठी झाली. दवाखान्यातून घरी पोचल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अवो, ह्या रोगानं मानूस एकदम जातं काय? पाद्री यायच्या आदी?"

बर्नार्डला खोटं बोलायची सवय नव्हती. "डॉक्टर म्हनला, कदी कदी जातं," तो म्हणाला, आणि ते बोलल्याचा त्याला जन्मभर पस्तावा झाला.

तिनं नऊ शुक्रवार धरले. लागोपाठ नऊ महिने, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, देवळातल्या मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन जो पाद्रीच्या हातचा प्रसाद घेईल तो पाद्रीवाचून मरणार नाही, अशी त्या लोकांची पक्की श्रद्धा. एक जरी शुक्रवार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या काळी नियम असा होता की सकाळी प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मिस्सा साडेसहाला सुरू होऊन सव्वासातला संपायचा. सुई पावणेसहाला. आता ह्यात काय वाढून ठेवलं होतं ते तुम्हाला कळलं, बर्नार्डलाही कळलं. मार्सेलिनाला ते ऐकायचंच नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी तिनं सरळ सुईच न घेता उपाशी जाऊन प्रसाद घेतला. तुळशीदासला दारातून परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत माठ संपला, दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या आणि दवाखान्यातली नळी पुन्हा कौलासारखी लाल. डॉक्टर बर्नार्डवर असे ओरडले की बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले. "एक दिवससुद्धा सुई चुकवायची नाही. तुम्ही घरात काय करता?"

बर्नार्ड खाली मान घालून बाहेर आला आणि मार्सेलिनाला म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. "आता सुई बी घेईन आनि देवळात बी जाईन. दोगांचं बी ऐकीन."

पुढचे सात महिने बर्नार्ड ह्या दोन टोकांमध्ये नुसता धावला. तो तुळशीदासला म्हणाला, शुक्रवारी उशिरा ये. तुळशीदास म्हणाला, "बाबा, उलटा फेरा घेतला तरी साडेसहाला पोचेन, तेव्हा तुमी देवळात. दवाखाना उघडला नाय तर मी गेलो कामावरून. त्यापेक्षा तुमीच शिका ना. सोपं हाय." बर्नार्डनं शिकायचं ठरवलं. एक जुनी सिरिंज घेतली, तीत पाणी भरलं आणि परसातल्या कच्च्या पपईला सुया टोचल्या. हाताला काही अडचण नव्हती, पन्नास वर्षांचा हात होता. पण काचेवरच्या खुणा दिसेनात. वीस खुणा ओढल्या म्हणून त्यानं तुळशीदासला दाखवलं. तुळशीदासनं सिरिंज उजेडात धरली आणि पाणी जमिनीवर सोडलं. त्या अडतीस खुणा होत्या. काचेच्या आतल्या औषधाला अंगठा लावता येत नाही. बर्नार्डनं सिरिंज परत दिली.

मग तो पाद्रीकडे गेला. पाद्री भला माणूस, वसईकडचा, नुकताच आलेला. त्यानं बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकलं आणि जाड पुस्तक काढून पान शोधलं.

"सवलत आहे बाबा," तो म्हणाला, "पण महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला. तुमची बायको चालत येते."

"मंग तिला अंथरुनावर पाडू काय, फादर?"

पाद्री हसला नाही. "नियम रोमचा आहे, माझा नाही. मी बिशपांना लिहितो. तोवर तिला सांगा, प्रसाद न घेता नुसतं मिस्साला बसलं तरी देव रागावत नाही."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. आणि प्रसाद न घेता बसणं म्हणजे मोजणीत तो शुक्रवार नाहीच, हे मार्सेलिनाला पाद्रीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

डॉक्टरांकडे नियम होता, पाद्रीकडे नियम होता, तुळशीदासकडे घड्याळ होतं. तिघांपैकी कोणी वाईट नव्हतं, हेच बर्नार्डला सोसवत नव्हतं. वाईट माणूस असता तर त्याच्या दारात जाऊन चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तेव्हा त्यानं एकच केलं. खिशात कागदाच्या पुडीत साखर ठेवायला लागला. आधी गुळाचा खडा ठेवत होता, पण एप्रिलच्या शुक्रवारी मिस्सा सुटल्यावर ती पायरीवर घामानं निथळत बसली आणि तिला खडा चघळवेना, तेव्हापासून बारीक साखर. दर पहिल्या शुक्रवारी हेच. मिस्सा सुटायचा, ती प्रसाद घेऊन बाहेर यायची, ओठ पांढरे, बोटं थरथरत, आणि तो पायरीवरच तिच्या तोंडात साखर घालायचा. मे झाला. जून, जुलै, ऑगस्ट. दर वेळी ती थोडी जास्त वाकून बाहेर यायची.

"एकच उरला," ऑगस्टमध्ये ती म्हणाली. "नऊ झाले की आदी भाकर खाईन आनि मंगच देवळात येईन. तुमची शपत घेऊन सांगते. मंग तुमी म्हनाल तसं."

त्या शपथेवर बर्नार्डनं तो महिना काढला.

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार पाच तारखेला आला. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मरियेचा सण तीन दिवसांवर होता आणि त्यानिमित्तानं पाहुणा पाद्री आला होता. तो प्रवचन करायला उभा राहिला आणि बसेचना. माणूस बोलायला चांगला होता. बायका डोळे पुसत होत्या. बर्नार्डला मात्र एकही शब्द कळला नाही. देवळात पुरुष उजव्या बाजूला आणि बायका डाव्या बाजूला बसत. त्याला पलीकडे नुसत्या पांढऱ्या ओढण्या दिसत होत्या, चाळीस-पन्नास, सगळ्या सारख्या. त्यांतली कोणती आपली हे त्याला ओळखता येत नव्हतं. बसलेल्या माणसाची चाल कशी दिसणार? सुई देऊन दीड तास होऊन गेला होता, एरवी एव्हाना मिस्सा सुटलेला असायचा, हे त्यानं घंटेवरून ताडलं. तो पुन्हा पुन्हा त्या पांढऱ्या रांगांवरून नजर फिरवत होता आणि नजरेचा काही उपयोग नव्हता.

प्रवचन संपलं, मिस्सा पुढं सरकला, आणि पलीकडे एक ओढणी कलली. बर्थाबायचा दबका आवाज आला. तो आवाज त्यानं ओळखला.

बर्नार्ड उठला आणि मधली वाट ओलांडून बायकांत गेला. त्या गावात हे कधी कोणी केलं नव्हतं. बायका अंग चोरून सरकल्या. मार्सेलिना खांबाला टेकली होती, ओढणी घामानं चिकटलेली, डोळे अर्धे उघडे. "अँथनी," ती त्याला म्हणाली, "वर ये रं, पाद्री आलाय."

"बर्थाबाय, पानी आन," बर्नार्ड म्हणाला. बर्थाबाय मागच्या दाराकडे धावली. घंटा वाजली म्हणून बाकीच्या बायका वेदीकडे तोंड करून गुडघ्यांवर आल्या. तेवढ्यात त्यानं पुडी फोडली. तिचे दात आवळलेले होते. त्यानं गालाच्या आत बोट घातलं आणि साखर हिरड्यांवर चोळली, एक चिमूट, दुसरी, तिसरी, पुडी रिकामी होईपर्यंत. आपण काय मोडतोय हे त्याला पुरतं माहीत होतं. आठ महिने मोडत होते, तिची आई, तिचा भाऊ, सगळं मोडत होतं. पण तिचा श्वास त्याच्या मनगटावर इतका हलका लागत होता की दुसरं काही करणं त्याला सुचलंच नाही. रिकामा कागद त्यानं मुठीत दाबला.

बर्थाबाय पाणी घेऊन आली. त्यानं ते तिच्या तोंडावर मारलं, तोंडात नाही. बर्थाबायनं मान हलवली, बरं केलंत, उपास राहिला.

साखर हळूहळू भिनली. प्रसादाला लोक वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन परत येईपर्यंत मार्सेलिनानं डोळे उघडले होते. तिनं आधी त्याला ओळखलं, मग जागा ओळखली, मग दचकून म्हणाली, "माजा प्रसाद?"

गावचा पाद्री कठड्यावरून सगळं बघत होता. तो प्रसादाचं पात्र घेऊन खाली आला आणि तिच्यासमोर वाकला.

"बाय, तू उपाशी आहेस ना?"

"हो फादर," ती म्हणाली. "रातीपासून पान्याचा थेंब नाय." ते तिच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं.

पाद्रीनं बर्नार्डकडे पाहिलं. "बाबा? शुद्ध नसताना काही दिलंत तिला?"

बर्नार्ड गुडघ्यांवर होता. मुठीत कागद होता. हो म्हटलं तर हा शुक्रवार गेला आणि मागचे आठही गेले. ऑक्टोबरपासून पुन्हा पहिला, पुन्हा नऊ, आणि ती नऊ पुरे करायला जगणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ती सुरू केल्याशिवाय राहणार नाही हेही ठाऊक होतं. नाही म्हटलं तर शपथेप्रमाणे उद्यापासून ती आधी भाकर खाणार होती. समोर पाद्रीच्या बोटांत, प्रसादाच्या रूपानं, त्याचा देव होता. मार्सेलिनानं बर्नार्डकडे बघितलं, तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखं.

"नाय, फादर," बर्नार्ड म्हणाला.

तिनं प्रसाद घेतला आणि डोळे मिटले. बर्नार्डनं त्या दिवशी घेतला नाही. त्यानंतर तो कबुलीच्या खिडकीशीही गेला नाही, कारण तिथं जाऊन सांगायचं तर पुन्हा तेच सांगावं लागलं असतं.

दुपारी तिनं डॉक्टरच्या वाटीतला भात न कुरकुरता खाल्ला. संध्याकाळी बायका भेटायला आल्या. मार्सेलिना ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, पाय नवऱ्याच्या मांडीवर, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की बर्नार्डच्या डोळ्यांनाही कळावा.

"काय सांगू बर्था," ती म्हणाली, "आट येळा प्रसाद घेतला तवा कागदासारका लागला. आज गोड लागला. खरंच सांगते, गोड. तोंडभर. अगदी घशापरेंत."

बर्थाबायनं कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला. दुसऱ्या बायांनीही केला. कोणीतरी म्हणालं की पाहुण्या पाद्रीला हे कळवायला पाहिजे. मार्सेलिना लाजली. बर्नार्डचा अंगठा तिच्या टाचेवर थांबला.

बायका गेल्या. मग मार्सेलिना म्हणाली, "अवो, रागवू नका."

"काय झालं?"

"मी शपत घेतली व्हती, पन ती ह्याच्या आदी घेतली व्हती. देवानं आज मना असं गोड दिलं, ते कायतरी मागतोय म्हनून दिलं. माजं झालं. आता मना कसलं भ्या नाय. पन तुमचं काय? आज तुमी प्रसाद बी घेतला नाय, मी बगितलं. पुडल्या महिन्यापासून तुमच्या नावानं नऊ धरते."

बर्नार्डनं तोंड उघडलं. सांगणं सोपं होतं, चार शब्द होते. पण मग तिचे नऊ झालेच नव्हते. मग ते गोड त्याच्या खिशातलं होतं. मग उद्या ती गेली तर आपण अँथनीसारख्याच विहिरीच्या तळाशी चाललो, असं वाटत वाटत जाणार होती. ह्या एका दिवसात तिच्या चेहऱ्यावरचं जे भय उतरलं होतं, ते त्याला आपल्या हातानं परत घालावं लागलं असतं. त्याच्या हातून ते होईना. तो "नको" म्हणाला. "मना नको नऊबिऊ," तो म्हणाला. "मी मरेन तसा मरेन." तिनं हसून त्याच्या डोक्यावर टपली मारली. रात्रीपर्यंत तो वेगवेगळ्या तऱ्हेनं नको म्हणत राहिला आणि दर वेळी तिला ते त्याच्या मोठेपणाचं वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी तुळशीदास पावणेसहाला आला. "नऊ झाले ना आता?" त्यानं विचारलं. "माजे झाले," मार्सेलिना म्हणाली आणि दंड पुढं केला. तुळशीदासनं बर्नार्डकडे पाहिलं. बर्नार्डनं कंदील वर धरला, खुणा नीट दिसाव्यात म्हणून.

देवळात तो पुरुषांच्या बाजूला बसला नाही. बायकांच्या मागच्या खांबापाशी उभा राहिला, एक हात खिशात घालून. कोणी त्याला हटकलं नाही. उलट सुतारबाबाला म्हातारपणी भक्ती लागली, असं दोघंतिघं आपसात बोलले, आणि ते त्याला ऐकू आलं.

त्या दिवशी प्रवचन लहान होतं. मार्सेलिना प्रसाद घेऊन आपल्या पायांनी बाहेर आली. पायरीवर बसून तिनं आ केला, त्यानं साखर घातली, आणि ओठांचा रंग परत येईपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली. मग ती त्याच्या खांद्याला धरून उठली.

"एक झाला," ती म्हणाली. "आता आटच उरले."